अवज्ञा, लष्करी

अवज्ञा, लष्करी : सेनादलातील कनिष्ठाने वरिष्ठाचा वैध हुकूम न पाळणे, त्याच्याशी उर्मट भाषा वापरणे, त्याला धमकावणे अथवा त्याचा अधिकार उघडपणे नाकारणे, यांस लष्करी अवज्ञा असे म्हणतात. नागरी नोकरीत असे वर्तन हा बहुधा सेवानियमांचा भंग ठरतो. सेनेत मात्र तो कारावासास पात्र असा गुन्हा असतो. एकट्यादुकट्याची अवज्ञा आणि अनेकांनी संगनमताने केलेले बंड हे कायद्याच्या दृष्टीने भिन्न अपराध होत. तथापि पहिल्यातून दुसरे उद्‌भवल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत. ते उद्‌भवू न देणे यातच कमान अधिकाऱ्याचे खरे कसब असते.

भारतीय भूसेनेत १९५० च्या सेना अधिनियमाची कलमे ४० ते ४२ या अपराधांना लागू होतात. वरिष्ठावर हात उगारणे वा त्याला धमकी देणे (कलम ४०) यास, तो कर्तव्यावर असल्यास किंवा गुन्हा युद्धसेवेत घडल्यास, १४ वर्षांपर्यंत, एरवी १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. केवळ उर्मट भाषेसाठी ही मर्यादा ५ वर्षांची आहे. वरिष्ठाने कर्तव्य बजावताना समक्ष दिलेला हुकूम अधिकारास आव्हान देण्याच्या हेतूने मोडल्यास (कलम ४१) शिक्षेची मर्यादा १४ वर्षांची आहे. आव्हानाचा हेतू नसेल, तर शांततेच्या काळात ती ५ वर्षांवर येते. हुकूम ऐकू न येणे, त्याचा अर्थ न उमगणे किंवा तो पाळणे शक्यच नसणे, यांस अवज्ञा म्हणता येत नाही. म्हणून हुकूम स्पष्ट शब्दांत देणे, तो समजला की नाही हे पाहणे व शक्य तेथे पुन्हा एकदा देणे, ही वरिष्ठाची पहिली जबाबदारी मानली जाते.

प्रत्यक्षात अवज्ञेची बहुसंख्य प्रकरणे किरकोळ असतात व ती पलटणीतच मिटतात. नायक किंवा हवालदार यांचा अपमान झाला, तरी त्यांनी स्वतः शिक्षा द्यावयाची नसते. प्रकरण वर कळवावयाचे असते. मद्यधुंद शिपायाशी वरिष्ठाने समोरासमोर हुज्जत घालू नये, त्याला त्याच्याच दर्जाच्या जवानांकरवी हलवावे, असा संकेत ब्रिटिश अमदानीपासून चालत आला आहे. अशा वेळी वरिष्ठाने स्वतः पुढे होणे म्हणजे साध्या बेशिस्तीचे रूपांतर मारहाणीच्या गंभीर गुन्ह्यात करणे होय. आरोपीला कमान अधिकाऱ्यापुढे उभे केल्यावर साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची, स्वतःचे साक्षीदार आणण्याची व निवेदन करण्याची मुभा असते (सेना नियम, १९५४, नियम २२). जवानाला कमान अधिकारी आपल्या अधिकारात २८ दिवसांपर्यंतची कैद, जादा पहारा, ताकीद किंवा वेतनकपात अशा शिक्षा देऊ शकतो. उलटपक्षी, कनिष्ठास मारणे किंवा त्याचा छळ करणे हाही कलम ४७ अन्वये ७ वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध आहे. शिस्तीच्या चर्चेत या कलमाचा उल्लेख क्वचितच होतो.

अवज्ञेमागे पुष्कळदा न ऐकलेली तक्रार असते. कलम २६ अन्वये जवानाने गाऱ्हाणे आपल्या अधिकाऱ्याकडे मांडावे आणि तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल, तर त्याच्या वरिष्ठाकडे. हा मार्ग बंद झाला, की काय घडते ते १९८५ मधील एका प्रकरणातून दिसते. सिग्नल रेजिमेंटमधील एका जवानाने कमान अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार थेट वर पाठविली, म्हणून त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी झाली. ती भोगत असताना जेवण घेण्याचा हुकूम त्याने मानला नाही. लगेच संक्षिप्त सैन्यन्यायालय भरवून त्याला आणखी एक वर्षाची सक्तमजुरी व बडतर्फी देण्यात आली. ज्याच्याविरुद्ध मूळ तक्रार होती, तो अधिकारीच त्या न्यायालयात बसला होता. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द ठरविली. न्यायाधीशपदी बसणाऱ्यास हरकत घेण्याची संधी आरोपीला दिलेली नव्हती, पूर्वग्रहाची शंका रास्त होती आणि शिक्षा अपराधाच्या मानाने अवाजवी होती, ही त्याची कारणे होत. अशा निर्णयांविरुद्ध दाद मागण्यासाठी २००७ च्या अधिनियमान्वये सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले असून त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.

सामूहिक अवज्ञेत शिक्षेची घाई अधिकच महागात पडते. मीरत येथे २४ एप्रिल १८५७ रोजी कर्नल कारमायकल-स्मिथ याने तिसऱ्या बंगाल घोडदळातील ९० स्वारांची खास कवायत भरविली. काडतुसांविषयी संशय पसरलेला असताना ती भरविण्याची निकड नव्हती. ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. सैन्यन्यायालयाने बहुतेकांना १० वर्षांची सक्तमजुरी ठोठावली आणि ९ मे रोजी सर्व पलटणींसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकण्यात आल्या. दुसऱ्याच दिवशी मीरतचे सैन्य उठले. मुंबईतील ‘तलवार’ या नाविक संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातही १९४६ साली याच धर्तीचे प्रकरण घडले. निकृष्ट अन्न हे जुने गाऱ्हाणे होतेच. त्यात कमान अधिकाऱ्याने नाविकांना शिवीगाळ केली. नाविकांनी रीतसर तक्रारी नोंदविल्या. पण त्यांची वेळीच दखल घेतली गेली नाही. १८ फेब्रुवारीला त्यांनी जेवण नाकारले आणि पाच दिवसांत उठाव इतर बंदरांपर्यंत पसरून सुमारे २०,००० नाविक त्यात सामील झाले. वल्लभभाई पटेल यांच्या मध्यस्थीनंतर २३ फेब्रुवारीला तो थांबला.

हुकूमच अवैध असेल, तर तो न पाळणे ही अवज्ञा ठरत नाही. ‘वरिष्ठाचा हुकूम होता’ हा बचाव न्यूरेंबर्ग येथील खटल्यात (१९४५–४६) पुरेसा मानला गेला नाही. पण हुकमाची वैधता रणांगणावर किंवा रस्त्यावर क्षणात ठरविणे सैनिकाला कठीण असते आणि ती ठरविणारे सरकार बदलले, की निर्णयही बदलतो. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार करण्यास गढवाली सैनिकांनी नकार दिला. त्यांचा अग्रणी हवालदार चंद्रसिंग गढवाली याला जन्मठेप झाली. १९४१ साली त्याची सुटका झाली आणि १९९४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याच्या स्मरणार्थ तिकीट काढले.