मातीतले रोग – भाग 6 : हिरवंगार झाड माना टाकतं तेव्हा

कर्जतजवळच्या कडावच्या बाजूला भाताची कापणी उरकली की ओलीवर वाल पेरायचा, आणि राजनाला कालव्याचं पाणी पोहोचतं तिथे उन्हाळी भात नाहीतर भाजीपाला. वांग्याची लावण छान लागते, फुलं धरतात, आणि एखाद्या दुपारी एक झाड माना टाकतं. पानं पिवळी नाहीत, ठिपके नाहीत. संध्याकाळी ते जरा सावरतं, म्हणून पाणी कमी पडलं असं समजून शेतकरी पाट सोडतो. त्याच पाटाच्या पाण्यातून रोग पुढच्या वाफ्यात जातो.

मागच्या भागात कोबीच्या मुळांवर गाठी आणणारा रोग पाहिला. त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात, पण त्यांना मुळं हवीत ती कोबी-मोहरीच्या कुळातली. वांग्याचं झाड असं सुकवणाऱ्या मर रोगाचा जिवाणू, राल्स्टोनिया, इतका चोखंदळ नाही. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा, आलं धरून दोनशेहून जास्त वनस्पती त्याला चालतात. कोबी मात्र सहसा त्याच्या तावडीत सापडत नाही, म्हणून वांग्यानंतर कोबी घेणं शहाणपणाचं.

ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. सुकलेल्या झाडाचं खोड बुडाशी तिरकं कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असं धरा. काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखे धागे खाली उतरू लागतात. ते जिवाणूच! मुळाच्या जखमेतून शिरून त्यांनी पाणी वर नेणाऱ्या नळ्या चिकट द्रवाने बुजवलेल्या असतात. अशा झाडावर औषध मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

भारतातली या रोगाची पहिली नोंद 1892 सालची, पुण्याकडच्या बटाट्यावरची. बटाट्यावर येणारा या जिवाणूचा एक वंश मूळचा दक्षिण अमेरिकेतला, बेण्याबरोबर जगभर पोहोचलेला. आपल्याकडच्या वांगी-टोमॅटोवर बहुतेक आशियाई वंश दिसतो. 2014 मध्ये तर शास्त्रज्ञांनी या एका जिवाणूच्या तीन जाती केल्या. हा जीव आजूबाजूच्या जिवाणूंचा डीएनए उचलून स्वतःत मिसळू शकतो. वंश असे वेगवेगळे आणि बदलते असल्यामुळेच एका भागात टिकलेलं प्रतिकारक वांगं दुसऱ्या भागात मरतं. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे अर्का निधी, अर्का केशव हे वाण चांगले आहेत, पण आधी दोन सऱ्यांत लावून बघावेत.

भातखाचरात पाणी तुंबलं की हा जिवाणू बराच घटतो. वरकस जमिनीला आणि परसातल्या वाफ्यांना तो फायदा नाही. तिथे रानवांग्यावर बांधलेली कलमं उपयोगी पडतात. लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला गेला, तर वरच्या वांग्याला स्वतःची मुळं फुटतात आणि रोगाला पुन्हा वाट मिळते.