कॅमेरा पाण्यात पाहतो तेव्हा!

माणसाने माणसाला पाण्यात पाहिलं की भांडण. कॅमेऱ्याने पाण्यात पाहिलं की? फोटो धुरकट! आणि माहीत आहे का, यात महागड्या कॅमेऱ्याचा दोष बहुतेक वेळा नसतोच. खरी हीरोगिरी किंवा व्हिलनगिरी करते ती वॉटरप्रूफ हाऊसिंगच्या तोंडावरची काच. डायव्हर मंडळी तिला म्हणतात 'पोर्ट'. बंदर नव्हे हं, खिडकी!

ही खिडकी किती जुनी? १८५६ मध्ये इंग्लंडच्या वेमथ बेमध्ये विल्यम थॉम्पसन यांनी काच लावलेल्या पेटीत कॅमेरा ठेवून समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरलं, तरी चित्र उमटलं! पाण्याखालचा पहिला फोटो म्हणून त्याचंच नाव घेतात.

सपाट पोर्ट लावलात? मग मासा पाव अंतर जवळ आणि एक तृतीयांश मोठा दिसणार. २८ मिमीची वाईड लेन्स पाण्यात थेट ३७ मिमीसारखी वागते. वाईडची सगळी ऐटच गेली! शिवाय कडांना रंग फुटतात. पण इवल्याशा जिवांचे मॅक्रो फोटो काढायचे असतील, तर हेच झूम फुकटात.

वाईडसाठी हवा डोम, म्हणजे काचेचा घुमट. लेन्सचं प्रवेशद्वार घुमटाच्या बरोब्बर केंद्रात बसवलं की किरण न वाकता आत येतात आणि गेलेला अँगल परत मिळतो.

आता धरा श्वास! पाण्यात गेल्यावर हा घुमट स्वतःच एक लेन्स होतो. समोरच्या दृश्याची आभासी प्रतिमा तो जवळ आणून ठेवतो. किती जवळ? घुमटाच्या त्रिज्येच्या साधारण तिप्पट. म्हणजे दहा सेंटीमीटर त्रिज्येचा डोम असेल, तर दूरवरचा देवमासाही लेन्सला दिसतो काचेपुढे जेमतेम तीस सेंटीमीटरवर! इतक्या जवळ फोकस न होणाऱ्या लेन्सला क्लोज-अप फिल्टरचा चष्मा लावावा लागतो. वर ती प्रतिमा वाटीसारखी वाकलेली, म्हणून कोपरे लोण्यासारखे मऊ. यावर मुख्य उपाय दोन: डोम मोठा घ्या आणि ॲपर्चर बारीक करा. एफ/८, एफ/११, वाटल्यास आणखी.

बारीक ॲपर्चरची ही युक्ती पोरांनाही जमते, माहीत आहे का? अंदमान समुद्रातली मोकेन जमातीची मुलं पाण्याखाली डोळ्यांच्या बाहुल्या दोन मिलिमीटरपर्यंत आकसून घेतात. युरोपातल्या मुलांपेक्षा दुप्पट बारीक तपशील त्यांना दिसतो, हे ॲना गिस्लेन यांच्या संशोधनातून २००३ मध्ये पुढे आलं. चष्मा नाही, मास्क नाही!

फोटोत मधोमध उलटी अक्षरं तरंगतायत? भूत नाही, ते तुमच्या लेन्सचंच नाव! साध्या काचेची पाण्याकडची बाजू जेमतेम अर्धा टक्का प्रकाश परतवते. आतली, हवेकडची बाजू मात्र चार टक्के. म्हणजे चोर घरातलाच. लेन्सच्या कडेवरची पांढरी अक्षरं काळ्या टेपने झाका. दहा रुपयांची टेप, लाखाचा फोटो. माझ्या मते यापेक्षा स्वस्त आणि भारी टिप या छंदात दुसरी नाही.

ओरखडा पडला? ॲक्रिलिकचा डोम असेल तर घाबरू नका. ॲक्रिलिक आणि पाणी प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात, त्यामुळे ओरखड्यात पाणी भरलं की तो गुल! शिवाय घासून पॉलिशही होतो. काचेवर सहजी ओरखडा उठत नाही, पण उठलाच तर कायमचा.

अर्धं आकाश, अर्धं पाणी असा स्प्लिट शॉट हवाय? डोमवर थुंका! खरंच. लाळेमुळे थेंब साचत नाहीत, पाणी सपाट पसरतं. दक्षिण अमेरिकेतल्या ॲनाब्लेप्स माशाला एवढीही खटपट नाही. त्याच्या प्रत्येक डोळ्याचे दोन भाग: वरचा हवेत बघतो, खालचा पाण्यात.

आणि निकॉनोस आठवतो? १९६३ चा हा कॅमेरा हाऊसिंगशिवाय थेट पाण्यात उतरायचा. पुढे त्यासाठी आलेली १५ मिमीची लेन्स फक्त पाण्यातच नीट पाहायची. हवेत आणली की पाण्याबाहेरची मासोळीच!

तारकर्लीला डाइव्ह करणार असाल, तर बोटीत बसण्याआधीच टॉर्च मारून पोर्टमध्ये डोकावा. चमकणारं काहीही दिसलं, की टेप. आणि डाइव्ह नसेल, मत्स्यालयच असेल, तर फ्लॅश बंद करा, फोन काचेला सरळ टेकवा आणि मग क्लिक करा!