दोन पानांच्या निबंधाचे ऋण

आपल्या परंपरेने मनुष्यास जन्मतःच तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांपैकी ऋषिऋण हे ज्ञानाचे ऋण होय. आधुनिक विज्ञानातही ते मान्य करण्याची रीत आहे. संशोधक ज्या पूर्वसूरींच्या कार्याचा आधार घेतो, त्यांचा तो आपल्या निबंधात नामनिर्देश करतो. अशा उल्लेखांची आता मोजदाद होते. यूजीन गारफिल्ड यांची विज्ञानातील उल्लेखांची सूची १९६४ साली प्रसिद्ध झाली, आणि २००५ साली होर्हे हर्श यांनी संशोधकाचे निबंध व त्यांचे उल्लेख यांवरून त्याची कामगिरी एका आकड्यात सांगणारा निर्देशांक सुचविला. टॅम्पिनीसच्या विभागीय ग्रंथालयात जीवशास्त्राचे ग्रंथ उघडून बसणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी जी संशोधनाकडे वळतील, त्यांनाही उद्या या आकड्यांस सामोरे जावे लागेल. म्हणून मुंबईत उगम पावलेल्या एका निबंधाची कथा त्यांनी जाणून घ्यावी.

हा निबंध १९५२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याची लांबी अवघी दोन पाने. लेखक मात्र सात! मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया, आणि इंग्लंडमधील रेस, रूथ सँगर, मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स. मुंबईत आढळलेल्या तीन व्यक्तींच्या रक्ताचे वर्णन त्यात होते.

त्या रक्तात विलक्षण असे काय होते? 'ए' व 'बी' ही रक्तगटांची लक्षणद्रव्ये 'एच' नावाच्या मूळ द्रव्यापासून घडतात. 'ओ' गटाच्या मनुष्यात ती दोन्ही नसतात, पण 'एच' असते. या तीन व्यक्तींच्या रक्तपेशींत 'एच'ही नव्हते. नेहमीच्या तपासणीत असे रक्त 'ओ' गटाचेच भासते. परंतु त्यात 'एच'विरोधी प्रतिद्रव्य असल्यामुळे 'ओ' गटाचे रक्त दिले, तर ते प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णास त्याच्यासारखेच दुर्मिळ रक्त लागते.

बीज लहान असले तरी त्याचा विस्तार मोठा झाला. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी एका इटालियन कुटुंबात हाच प्रकार वर्णिला. मॉर्गन व वॉटकिन्स यांना रक्तगटांची द्रव्ये शरीरात कोणत्या क्रमाने घडतात, हे उलगडण्यास या रक्ताचे मोठे साह्य झाले. १९७४ साली भाटिया व साठे यांनी मुंबईतील याचे प्रमाण सुमारे ७,६०० मध्ये एक असे प्रसिद्ध केले. १९९० च्या दशकात या उणिवेस कारण होणारे जनुकातील दोषही उजेडात आले.

या रक्तगटास जगाने 'बॉम्बे' हे नाव दिले. १९९५ साली शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले, तरी रक्तगटाचे नाव पालटले नाही. येथेच मोजदादीची मर्यादा दिसून येते. शोध सर्वमान्य झाला, की तो पाठ्यपुस्तकात जातो. मग मूळ निबंधाचा निर्देश करण्याची कोणास गरज वाटत नाही. विद्यार्थी 'बॉम्बे' हा शब्द पाठ करतो, भेंडे व देशपांडे ही नावे त्याच्या कानांवरही येत नाहीत. कार्य इतके यशस्वी झाले, की कर्ते पडद्याआड गेले. ज्या रुग्णाचे प्राण योग्य रक्त मिळाल्यामुळे वाचतात, त्याची नोंद कोणत्याही उल्लेखसूचीत होत नाही.

आकडे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. कोणाच्या खांद्यावर कोण उभा आहे, हे त्यांवरून कळते. पण ज्ञानाचे मोल त्यांत पुरते सामावत नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचाही नाही. हा रक्तगट भारतीय वंशाच्या लोकांत युरोपीयांपेक्षा अधिक आढळतो, आणि वंशाबरोबर तो समुद्र ओलांडून आला असणे स्वाभाविक आहे. तो आईवडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे प्रकट होतो. म्हणून एका व्यक्तीत तो आढळल्यास तिच्या सख्ख्या भावंडांत तो असण्याचा संभव साधारणतः चारांत एक असतो. त्यांनी स्वतःचे रक्त अवश्य तपासून घ्यावे. रक्तदान हे श्रेष्ठ दान होय; येथे तर कित्येकदा भावंडांवाचून दुसरा दाता जवळ नसतो. त्या दोन पानांचे ऋण याहून उत्तम रीतीने कसे फेडता येईल?