सरपणाचा हिशेब

जोहे म्हटले की लोकांना गणपतींचे कारखाने आठवतात. मला मात्र आमच्या गावातील पडव्यांत रचलेल्या सरपणाविषयी लिहावयाचे आहे. गॅस आला, तरी काही घरांत आंघोळीचे पाणी अजून चुलीवर तापते. त्या चुलीतल्या किलोभर लाकडातून किती उष्णता निघते आणि पाण्याला किती मिळते? कला शाखेच्या वाचकांनी दचकू नये. गुणाकार-भागाकारापलीकडे येथे गणित नाही.

उष्णता दिसत नाही, म्हणून ती पाण्याकरवी मोजतात. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. प्रयोगशाळेत यासाठी 'बॉम्ब कॅलरीमापी' असतो. हा बॉम्ब फुटत नाही. उलट आपल्या तांब्याच्या बंबासारखीच त्याची रचना, मध्ये आग आणि भोवती पाणी. पोलादी भांड्यात दाबाने प्राणवायू भरून एक ग्रॅम कोरडे लाकूड विजेच्या तारेने पेटवितात. पाणी व भांडे मिळून अडीच किलो पाण्याइतकी उष्णता घेत असतील आणि तापमान 1.8 अंशांनी वाढले, तर 2.5 × 1.8 = 4.5 किलोकॅलरी. म्हणजे किलोमागे सुमारे 4,500.

आता चूल पाहू. वीस लिटर पाणी 25 अंशांवरून 50 अंशांवर नेण्यास 20 × 25 = 500 किलोकॅलरी हव्यात. कागदावर एकशेदहा ग्रॅम लाकूड पुरावे. प्रत्यक्षात तीन दगडांच्या चुलीला किलोभर लागते, कारण साधारण दहावा हिस्साच भांड्यापर्यंत पोहोचतो.

बाकीची जाते कोठे? काही दगडांत, बरीचशी वाऱ्यावर. लाकूड ओले असेल, तर त्यातल्या पाण्याची वाफ करण्यातही खर्ची पडते. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ होण्यास 540 किलोकॅलरी लागतात. आगोटीपूर्वी सरपण सुकवून आत घेण्याची आपली रीत म्हणूनच शास्त्राला धरून आहे. शिवाय हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट राहते. 12 ग्रॅम कार्बन पूर्ण जळाला तर 94 किलोकॅलरी मिळतात. त्याचा कार्बन मोनॉक्साइड झाला तर केवळ 26.

तेव्हा धूर म्हणजे पुरते न जळलेले सरपण होय. ज्या बाईने डोक्यावरून मोळी आणली, तिच्याच डोळ्यांत आणि छातीत तो जातो. केंद्र सरकारने 1983 साली सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला, त्यामागे हाच हिशेब होता. लाकडातली उष्णता आपल्याला वाढविता येणार नाही. पण लाकूड सुकविणे, चुलीला वारा मिळेल अशी मांडणी करणे आणि धुराला वाट काढून देणे आपल्या हाती आहे. ज्यांच्या घरी अजून चूल पेटते, त्यांनी एवढे तरी अवश्य करावे.