फीचा हिशेब आणि उत्पन्नाचा दाखला

जून महिना आला की आमच्या दुकानात शाळेच्या गणवेशाच्या कापडाबरोबर आणखी एका गोष्टीची विचारणा सुरू होते. बारावी झालेल्या मुलाचा बाप गल्ल्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणतो, "भाईजान, ॲडमिशनचे पैसे भरायचे आहेत, काही होईल का?" गेल्या वर्षी असेच एक कारागीर आले. आमच्या दुकानाचे सदरे, लेंगे ते बरीच वर्षे शिवतात. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. त्यांनी जमातीच्या जकात फंडातून मदत मागितली. आम्ही विचारले, सरकारी फी-सवलतीचा अर्ज केला का? ते म्हणाले, "ते गरिबांचे असते. आपले दुकान आहे, मशीन आहेत. आपल्याला कोण देणार?"

हाच गैरसमज आम्हीही जपला होता आणि त्याची किंमत मोजली. 2019 मध्ये मुलाला इंजिनीअरिंगला घालायचे होते. एका दलालाने सांगितले, रांगेत कशाला उभे राहता, मॅनेजमेंट कोट्यातून सीट घ्या. आम्ही घेतली. घरातले सोने मोडले, एका पेढीकडे मालाची उधारी थकली, पण चार वर्षे पूर्ण फी भरली. आपल्याच्याने भरवते याचा अभिमानही होता. नंतर एका प्राध्यापकांनी समजावले की त्याच मुलाने केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ज्याला कॅप राउंड म्हणतात, प्रवेश घेतला असता तर निम्मे शिक्षणशुल्क राज्य सरकारने भरले असते. गुण पुरेसे होते, उत्पन्नही मर्यादेत होते. कापड घेताना एका मीटरला दोन रुपयांसाठी आम्ही सुरतच्या व्यापाऱ्याशी अर्धा तास घासाघीस करतो, आणि इथे चार वर्षांची अर्धी फी विचारपूस न करता सोडून दिली.

ही योजना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या नावाची आहे. खुल्या प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षणशुल्कात 50 टक्के मदत मिळते. कुटुंबातील दोन मुलांपर्यंतच ती लागू आहे. प्रवेश कॅपमधून हवा. कोट्यातून प्रवेश घेतला की दार बंद. मुलींसाठी तर 8 जुलै 2024 च्या शासननिर्णयाने 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतील, 8 लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशावर शिक्षण व परीक्षा शुल्क 100 टक्के माफ झाले. आमच्या शिंपीबंधूंची मुलगी यातच बसली.

8 लाख हा आकडा आपल्या दुकानदारांनी नीट समजून घ्यावा. तो उलाढालीचा आकडा नव्हे, उत्पन्नाचा आहे. आमच्यासारखे बरेच छोटे व्यापारी अनुमानित पद्धतीने विवरणपत्र भरतात, म्हणजे रोखीच्या उलाढालीच्या 8 टक्के नफा धरतात. वर्षाला 45 लाखांचा धंदा केला तरी उत्पन्न 3 लाख 60 हजार होते. मालवण, कुडाळ, बांदा, कणकवली येथील आपली बहुतेक दुकाने, बेकऱ्या, गॅरेज, मासळीचे धंदे या हिशेबात सहज आत येतात. मात्र विवरणपत्रात एक आकडा आणि तलाठ्यासमोर दुसरा, असे करू नये. कर्जासाठी बँकेत उत्पन्न फुगवायचे आणि दाखल्यासाठी आवळायचे ही आपल्यातली जुनी खोड आहे. आता सगळे कागद आधार आणि पॅनला बांधलेले आहेत.

जकातीचा मुद्दा वेगळा. ज्याच्याकडे निसाब आहे त्याने जकात घ्यायची नसते, म्हणून पुष्कळ खानदानी माणसे कोणतीच मदत घ्यायला लाजतात. पण सरकारी शिष्यवृत्ती ही जकात नव्हे. आपण साबणावर, कापडावर, डिझेलवर जो कर भरतो त्यातलाच हा पैसा आहे. जकात फंड तर ज्याला कुठलाच दुसरा रस्ता नाही, विधवेचे मूल आहे, बोट बुडालेला खलाशी आहे, त्याच्यासाठी राहू द्यावा. दुकानदाराने आळसापोटी त्यावर हात टाकणे आम्हाला बरे वाटत नाही.

याशिवाय अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी बारावीनंतरच्या उच्च व व्यावसायिक शिक्षणाला राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. पूर्वी ती वर्षाला 25 हजारांपर्यंत होती, 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात 50 हजार करण्याची घोषणा झाली. एकाच फीसाठी दोन योजना घेता येत नाहीत, तेव्हा आपल्या फीवर कोणती जास्त पडते ते आधी मांडून पाहावे. हे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचे असतात. केंद्राच्या योजनांबाबत ऐकीव माहितीवर जाऊ नये. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानंतर सुरू झालेल्या योजनांत बरेच फेरफार झाले आहेत. संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिप 2022 मध्ये बंद झाली, तरी अजून लोक तिची वाट पाहतात.

पिंजारी, तांबोळी, बागवान, मोमीन अशा कारागीर बिरादऱ्यांना राज्यात ओबीसीच्या सवलती आहेत. पण दाखला मिळवताना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. ज्यांच्याकडे धंद्यावरून जातीची नोंद असलेला जुना जन्म-मृत्यूचा उतारा किंवा महसुली कागद आहे, त्यांनी तो जपून ठेवावा आणि मूल दहावीत असतानाच कामाला लागावे. पुढे जातपडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर वेगळे लागते. बारावीच्या निकालानंतर धावाधाव केली तर वर्ष जाते.

आमच्या मते सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावामुळे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. मास्तरांनी रजिस्टरात उर्दूत नाव लिहिले, पुढे दाखला मराठीत झाला, आधार इंग्रजीतून आले. एकाच माणसाचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे. कुठे 'शेख' आधी, कुठे नंतर, कुठे आडनावच नाही. बापाच्या नावात 'मोहम्मद' एकीकडे पूर्ण, दुसरीकडे 'मो.' आणि टिंब. संगणकाला हे दोन इसम वाटतात. शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्ती सोपी असते. नंतर राजपत्रात जाहीर करून घ्यावे लागते. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि बँकेचे पासबुक हे चार कागद एका ओळीत ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. हे काम मुलाच्या आईकडे द्यावे, ती आपल्यापेक्षा बारकाईने पाहते.

उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून अर्ज केल्यावर तहसीलदारांकडून मिळतो. तो साधारण 31 मार्चपर्यंत चालतो, तेव्हा एप्रिलमध्ये नवा काढून ठेवावा. तीन वर्षांचाही मिळतो. अधिवासाचा दाखला त्याच फेरीत काढावा. शिक्षणात एखादे वर्ष खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र लागते. मुलाच्या नावाचे खाते नुसते उघडून भागत नाही, त्याला आधार जोडलेले हवे. आमच्या एका नातलगाच्या मुलाचे पैसे त्याने विसरलेल्या जुन्या खात्यात जाऊन पडले होते, कारण आधार त्या खात्याला जोडलेले होते.

अर्ज भरला की काम संपले असे नाही. तो आधी कॉलेजच्या कारकुनाकडे पडताळणीला जातो आणि तिथेच पडून राहू शकतो. आठवड्याने जाऊन विचारावे. त्रुटी काढून परत आला तर मुदत संपायच्या आत पुन्हा पाठवावा. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

एवढे करूनही कमी पडले तर कर्ज. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज 3 टक्क्यांचे आहे. व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा, आम्ही कापड विकणारी माणसे. मात्र जमातीतील चार सधन व्यापाऱ्यांनी मिळून बिनव्याजी कर्ज-ए-हसना दिले आणि नोकरी लागल्यावर मुलाने ते हप्त्याने फेडले, तर तोच पैसा पुढच्या मुलाला फिरतो. आमच्या गावात तिघांनी तयारी दाखवली आहे. चौथा सापडला की वही उघडू.

शिंपीबंधूंच्या मुलीचा अर्ज दोनदा परत आला. एकदा वडिलांच्या नावामुळे, एकदा दाखल्याच्या तारखेमुळे. तिसऱ्यांदा मंजूर झाला. यंदा ती दुसऱ्या वर्षाला आहे, आणि नव्या अर्जाचे कागद घेऊन परवाच दुकानात आली होती.