तांदळांतील न दिसणारें विष

तांदूळ निवडावयास बसलेल्या गृहिणीची नजर काय शोधीत असते? खडा, साळीचा दाणा, किडा, कोंडा. सुपाला दोन झटके बसले, तांदूळ तीन पाण्यांनीं धुतले, कीं तिचें मन निःशंक होतें. आमच्या घरांतून अन्नाच्या शुद्धतेचा विचार पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या कटाक्षानें होत आला आहे. सोंवळ्याओंवळ्याचे नियम हें त्या विचाराचेंच एक रूप. त्यांतले कोणते ठेवावे व कोणते सोडावे, हा वाद येथें नको. पण या सर्व शुद्धतेची कसोटी डोळा, नाक आणि जीभ हीच राहिली. ज्या विषाला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं, आणि जें बाहेरून न लागतां दाण्याच्या पोटांतच भरून येतें, त्याच्यापुढें सुपाचा काय इलाज चालणार? अशा एका विषाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ती जपानांतील आहे, आणि तिचा बहुतेक सर्व भार तेथील घरधनिणींनीं वाहिला आहे.

जपानी समुद्राच्या बाजूस तोयामा नांवाचा प्रांत आहे. डोंगरांतून उतरणारी जिन्झू नदी तेथील भातखाचरें भिजवीत समुद्रास मिळते. लोक तिचें पाणी पीत, तिचे मासे खात, तिच्याच पाण्यावर पिकलेला भात जेवत. नदीच्या वरच्या अंगास, शेजारच्या गिफू प्रांतांत, कामिओका येथें एक जुनी खाण होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती मित्सुई या बड्या पेढीच्या हातीं गेली, आणि पुढें जस्त व शिसें यांचें उत्पादन झपाट्यानें वाढलें. काडतुसाच्या पितळेस जस्त लागतें, गोळीस शिसें लागतें. आणि जपाननें त्या काळांत युद्धें कांहीं थोडीं केलीं नाहींत. जस्ताच्या खनिजांत कॅडमियम नांवाचा दुसरा धातु जवळजवळ नेहमींच मिसळलेला असतो. तो सांडपाण्याबरोबर आणि दगडाच्या बारीक चुऱ्याबरोबर नदींत जाऊं लागला. नदींतून पाटांत, आणि पाटांतून खाचरांत.

कांहीं तरी बिघडलें आहे, हें शेतकऱ्यांस लवकरच कळलें होतें. पाणी पांढुरकें दिसे, मासे मरत, पाटाच्या तोंडाशीं असलेलीं रोपें खुजीं राहात. त्याबद्दल तक्रारीहि झाल्या. परंतु घरांतलें दुखणें आणि शेतांतलें दुखणें हें एकच आहे, ही गोष्ट जवळजवळ अर्धें शतक कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

आरंभीं कमरेंत व मांड्यांत कळा येत. मग बाईची चाल बदले. ती बदकासारखी डुलत चालूं लागे. पुढें हातीं काठी येई, आणि त्यापुढें अंथरूण. शेवटीं हाडें अशीं दुबळीं होत, कीं खोकल्याच्या उबळीनें बरगडी मोडावी, कूस बदलतांना हात मोडावा. एका रोगिणीच्या अंगांत ७२ ठिकाणीं हाडें मोडलेलीं आढळलीं. शरीर वीतभर आंखडे. शुद्धि मात्र अखेरपर्यंत शाबूत राही, आणि या दुखण्यांतील सर्वांत निर्दय भाग हाच. रोगिणी रात्रंदिवस 'इताइ, इताइ' म्हणून कण्हत, म्हणजे 'दुखतें, दुखतें'. १९५५ सालीं वृत्तपत्रांतून याच कण्हण्याचें नांव रोगास पडलें. बहुतेक रोगिणी पस्तिशी उलटलेल्या, अनेक बाळंतपणें झालेल्या, शेतांत राबणाऱ्या स्त्रिया होत्या. कोणी याला पूर्वकर्माचें फळ म्हणत, आणि घरचीं माणसें रोगिणीस मागच्या खोलींत ठेवीत.

डॉ. नोबोरू हागिनो हे १९४६ सालीं युद्धावरून परतून आपल्या घराण्याचा दवाखाना चालवूं लागले. प्रथम त्यांना अतिश्रम आणि निकस आहार हींच कारणें वाटलीं. मग त्यांनीं रोगिणींचीं घरें नकाशावर टिपण्यास आरंभ केला. तीं सर्व जिन्झूचें पाणी घेणाऱ्या पट्ट्यांत पडलीं. दोहों बाजूंस इतर नद्यांचें पाणी पिणारीं गांवें होतीं. तेथेंहि श्रम तेच व गरिबीहि तीच, पण हें दुखणें नव्हतें. १९५७ सालीं त्यांनीं खाणीकडे बोट दाखविलें. पुढें कृषिशास्त्रज्ञ किनिची योशिओका आणि रसायनवेत्ते जुन कोबायाशी यांचें साहाय्य मिळालें, आणि १९६१ सालीं कॅडमियमचें नांव उघडपणें घेतलें गेलें.

यानंतर घडलें तें आम्हांस अधिक विचार करावयास लावतें. खाणवाल्यांनीं विरोध केला यांत नवल नाहीं. पण गांवकऱ्यांतूनहि पुष्कळ जण डॉक्टरांवर रागावले. हा मनुष्य प्रसिद्धीच्या मागें लागला आहे, असें बोललें जाऊं लागलें. आमचा तांदूळ विषारी म्हटल्यावर तो विकत कोण घेणार? आमच्या गांवांत मुलगी कोण देणार? ही भीति आमच्या वाचकांस परकी वाटूं नये. घरांतील क्षयाची गोष्ट सोयरिकीच्या वेळीं झांकून ठेवणारीं कुटुंबें आपल्याकडेहि होतींच. ज्यांचीं आई आणि सासू आंत कण्हत होत्या, त्यांच्याच तोंडाला ही भीति कुलूप लावीत होती.

हें विष काम कसें करतें, तें थोडक्यांत सांगतों. अन्नांतून पोटांत गेलेलें कॅडमियम मुख्यतः मूत्रपिंडांत सांठतें, आणि त्यांतील अर्धें बाहेर पडण्यास दहा ते तीस वर्षें लागतात. इजा झालेलीं मूत्रपिंडें जें राखावयाचें तें राखीत नाहींत. हाडांस लागणारीं द्रव्यें मूत्रावाटे निघून जातात व हाडें मऊ पडतात. मग स्त्रियांवरच घाला कां? रक्तांत लोह कमी असलें, कीं आंतडें अन्नांतील लोह ओढून घेण्याची धडपड करतें, आणि त्याच वाटेनें कॅडमियमहि अधिक आंत शिरतें. प्रत्येक बाळंतपण शरीरांतील लोहाचा सांठा कमी करतें. सर्वांच्या मागून, उरलेंसुरलें जेवणाऱ्या स्त्रीचें लोह किती असतें, हें आम्ही वेगळें सांगावयास नको.

मातीचाहि यांत एक डाव आहे. खाचरांत पाणी उभें असतें तोंवर कॅडमियम गंधकाशीं बांधलेलें राहातें व मुळांस फारसें मिळत नाहीं. कापणीपूर्वीं पाणी काढून जमीन वाळूं दिली, कीं तें मोकळें होतें, आणि नेमका त्याच वेळीं दाणा भरत असतो. पालक, लेट्यूस अशा पालेभाज्याहि हा धातु सहज उचलतात. तंबाखू तर विशेषच, म्हणून धूम्रपान करणाऱ्याच्या अंगांत तो अधिक सांपडतो.

शिजविल्यानें हें विष जात नाहीं, कारण धातु आंचेनें नाहींसा होत नाहीं. धुतल्यानें पानांवरची धूळ व तिच्यांतील शिसें जाईल; आंत मुरलेलें राहील. मुंबईंत लोहमार्गाच्या कडेला सांडपाण्यावर वाढविलेली भाजी प्रवाशांनीं वर्षानुवर्षें पाहिली आहे. अशी हिरवीगार जुडी स्वस्त मिळाली, तरी ती कोणत्या पाण्यावर वाढली हें विचारण्यास गृहिणीनें संकोचूं नये. घरांतील मुलीबाळींच्या व गर्भवतींच्या अंगीं रक्त भरपूर राहील असा आहार ठेवणें, आणि धान्य व भाजी वर्षभर एकाच शेतांतली न खाणें, एवढें तिच्या हातीं आहे. बाकीचें तिच्या हातीं नाहीं. तें कायद्याच्या हातीं आहे.

जपानांत तो कायदा उशिरां जागा झाला. १९६८ सालीं सरकारनें रोगाचें कारण मान्य केलें. त्याच वर्षीं रोगिणी व त्यांचे वारस न्यायालयांत गेले. १९७१ च्या जूनमध्यें निकाल त्यांच्या बाजूनें लागला, आणि १९७२ सालीं कंपनीचें अपीलहि फेटाळलें गेलें. १९७० सालीं शेतजमिनीच्या दूषणाविषयीं कायदा झाला, आणि किलोमागें १ मिलिग्रॅम कॅडमियम ही तांदळाची सीमा ठरली. म्हणजे १०० किलोच्या पोत्यांत चिमूटभर मिठाहूनहि कमी! २०११ सालीं ती ०.४ मिलिग्रॅमवर आणण्यांत आली. रीतसर मान्यता मिळालेल्या रोग्यांची संख्या सुमारें २०० आहे. त्यापूर्वीं ज्या गेल्या, त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाहीं.

माती मात्र निकालानें शुद्ध होत नाहीं. १९७९ ते २०१२ अशीं तेहतीस वर्षें ८६० हेक्टरांहून अधिक जमीन शुद्ध करण्याचें काम चाललें; दूषित थर खालीं पुरून वर स्वच्छ माती पसरण्यांत आली. खाणींतून खनिज काढणें २००१ सालीं थांबलें, आणि त्या डोंगराच्या पोटांत आतां शास्त्रज्ञ न्यूट्रिनो नांवाच्या सूक्ष्म कणांचा शोध घेत असतात. परंतु खनिजाच्या गाळाचे ढीग तेथेंच आहेत. १९७२ च्या करारानें गांवकऱ्यांस एक हक्क मिळाला आहे: त्यांनीं वाटेल तेव्हां तज्ज्ञ बरोबर घेऊन खाणीच्या आवारांत शिरावें, काय हवें तें तपासावें, आणि खर्च कंपनीनें द्यावा. त्यांनीं तो कागदावर ठेवलेला नाहीं. त्या रोगिणींचीं मुलें, आणि आतां नातवंडें, दरवर्षीं नदीच्या वरच्या अंगास जाऊन पाहणी करून येतात.