वाड्यांचा जिल्हा : सिंधुदुर्ग

लोकसंख्येने महाराष्ट्रातला सर्वांत लहान जिल्हा म्हणजे सिंधुदुर्ग. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा करून तो अस्तित्वात आला. नाव मिळाले मालवणच्या जलदुर्गाचे. सुमारे ५,२०७ चौरस किलोमीटर क्षेत्रात देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग हे ८ तालुके आहेत. मुख्यालय कोणत्याही जुन्या शहरात नाही. कुडाळ आणि कणकवली यांच्या दरम्यान, ओरोसला, सिंधुदुर्गनगरी त्यासाठी नव्याने वसवली गेली.

२००१ साली जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसे होती. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. त्या दशकात राज्यात लोकसंख्या घटली ती मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीनच जिल्ह्यांत. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हा आकडाही मुंबईच्या वाटेकडेच बोट दाखवतो. घरचा कर्ता नोकरीला मुंबईत, शेती आणि म्हातारी माणसे बाईच्या हवाली, ही इथली कित्येक पिढ्यांची रीत. चाकरमानी गणपतीला येतो तेव्हा गाव भरते, विसर्जनानंतर पुन्हा रिकामे होते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, येणे सोपे झाले आणि जाणेही.

शंभरातली सुमारे ८७ माणसे गावांत राहतात. पण देशावरच्यासारखे एकवटलेले गावठाण इथे क्वचितच दिसते. गाव म्हणजे वाड्यांचा समूह, मध्ये भातखाचरे, बागा, वहाळ आणि डोंगराची सोंड. एका वाडीतून दुसरीत जायला अर्धा तासही लागतो.

कारभाराच्या चौकटी इथे दोन आहेत. पहिली सरकारी : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि महसुलाकडून तलाठी, तहसीलदार. दुसरी गावऱ्हाटीची. ग्रामदेवतेभोवती मानकरी, गुरव, घाडी यांची कामे आणि मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. पेरणीपासून जत्रेपर्यंतच्या प्रश्नांवर देवाला कौल लावला जातो आणि त्या कौलाचा शब्द गाव पाळते.

गावऱ्हाटीची ताकद पाहायची तर मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण पाहावी. काही वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला की सगळे गाव गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडते. तीन दिवस, तीन रात्री वेशीच्या आत चूल पेटत नाही. माणसे बाहेर राहुट्या उभारून राहतात. एरवी वाडीवाडीत विखुरलेली कुटुंबे तिथे शेजारी होतात, भजने रंगतात, पोरांची चंगळ होते. परतायचे तेही नव्याने कौल मिळाल्यावरच, नाहीतर मुक्काम वाढतो. कोणी म्हणते ही गावाला दिलेली विश्रांती, कोणी म्हणते रोगराईवरचा जुना उपाय. कुठल्याही सरकारी आदेशावाचून हजारो माणसे एका वेळी घर सोडतात, यात सामूहिक शिस्तीचे दर्शन घडते.

जमिनीचा कारभार मात्र गुंतागुंतीचा. एका सातबाऱ्यावर डझनावारी सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत. म्हणून वाटणी होत नाही, कर्ज मिळत नाही, घराची दुरुस्तीही रखडते. सावंतवाडी संस्थानच्या काळापासून चालत आलेला आंबोली, चौकुळ, गेळे येथील कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींचा प्रश्न तर दशकानुदशके सरकारदरबारी फिरत राहिला.

घटत्या वस्तीचा फटका बसतो तो निकषांमुळे. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या, शाळेतले शिक्षक, आरोग्य उपकेंद्र, सारे माणसे मोजून ठरते. डोंगरी भागासाठी उपकेंद्राचा निकष ५,००० वरून ३,००० लोकांवर आणला आहे, तो योग्यच. पण पट घसरला की वाडीची शाळा बंद होण्याच्या वाटेला लागते, आणि शाळा गेली की उरलेली तरुण कुटुंबेही निघतात. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात सोयी ठरवताना डोक्यांइतकेच वाड्यांमधले अंतरही मोजले गेले पाहिजे.